भिंतीवरचे झाड आणि गप्प बसलेला वर्ग

साहित्याची चर्चा जेथे चालते तेथे शाळेच्या भिंतीवरील रंगीत तक्त्यांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे, की हे तक्ते म्हणजे संहिताच आहेत. त्यांत प्रतिमा आहेत, रूपके आहेत, एक निवेदक आहे आणि ज्याला उद्देशून ते रचले तो वाचकही समोरच्या बाकावर बसलेला आहे. परंतु त्यांना संहिता म्हणून कोणी वाचत नाही. पालक, अधिकारी, पाहुणे ते पाहतात आणि वर्ग किती छान सजवला आहे असे म्हणून पुढे जातात. आमचा आक्षेप या कौतुकाला आहे. तो वर्गशिक्षिकांना उद्देशून नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. त्यांची अडचण आम्ही जाणतो आणि तिच्याविषयी पुढे लिहिणारही आहोत.

तक्ता असतो तो असा. वर्गाचे चार-पाच गट पाडायचे. गटांना नद्यांची, किल्ल्यांची, फुलांची किंवा पक्ष्यांची नावे द्यायची. कार्डशीट कापून भिंतीवर प्रत्येक गटाचे झाड लावायचे, नाहीतर आगगाडी, मधाचे पोळे, मोराचा पिसारा. गट शांत बसला, ओळीने बाहेर गेला, सगळ्यांचा गृहपाठ झाला, सगळे हजर राहिले, की एक पान, एक डबा किंवा एक पीस वाढवायचे. गटातले कोणी मधेच बोलले, जागेवरून उठले, की वाढवलेले काढून घ्यायचे. शनिवारी मोजणी. ज्यांचे झाड दाट त्यांना खेळाचा जादा वेळ, पेन्सिली किंवा परिपाठाच्या वेळी टाळ्या. प्रशिक्षणांच्या भाषेत याला सकारात्मक वर्तनाला प्रोत्साहन म्हणतात. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला शब्द ‘प्रबलन’ असा आहे. तो कानाला रुक्ष लागतो, पण अधिक प्रामाणिक आहे.

ही कल्पना नवी नाही. 1798 साली लंडनमध्ये जोसेफ लँकास्टरने गरीब मुलांसाठी शाळा काढली. एकाच शिक्षकाच्या देखरेखीखाली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेत, शेकडो मुलांना शिकवण्याची ती व्यवस्था होती. तिचाच एक सख्खा भाऊ आपल्याकडे मद्रासला जन्मला. तेथील अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि ती रीत तो आपल्या शाळेत घेऊन गेला. लँकास्टरच्या शाळेत चामड्याचे बिल्ले होते, गळ्यात अडकवायची चित्रे होती, बक्षीस म्हणून पतंग आणि चेंडू होते. चुकणाऱ्या मुलाला टोपलीत बसवून छताला टांगण्याची शिक्षाही त्याच शाळेत होती. बक्षीस आणि टोपली यांना एकाच छताचा आधार होता, हे बक्षिसांचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आज ज्या रूपात ही पद्धत आपल्यापर्यंत आली आहे तिचा एक महत्त्वाचा उगम 1969 सालचा आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ या तिघांनी चौथीच्या एका वर्गावर ‘सद्वर्तनाचा खेळ’ म्हणून एक प्रयोग केला. वर्गाचे दोन संघ पाडले. जो मुलगा परवानगीविना बोलेल किंवा उठेल त्याच्या संघाच्या नावे फळ्यावर एक खूण व्हायची. ज्या संघाच्या खुणा कमी त्याला विजयाचे बिल्ले, तक्त्यावर तारे, जेवणाच्या रांगेत पहिला मान आणि दिवसाच्या अखेरीस मोकळा वेळ. दोन्ही संघांनी मर्यादा पाळली तर दोघेही विजयी. प्रयोग गणिताच्या आणि वाचनाच्या तासांना झाला, आणि तो यशस्वी ठरला. बोलणे व उठणे लक्षणीय कमी झाले. पुढे बाल्टिमोर येथे पहिलीच्या वर्गांत हा खेळ खेळवून त्या मुलांचा तारुण्यापर्यंत मागोवा घेतला गेला आणि विशेषतः फार आक्रमक असणाऱ्या मुलग्यांना त्याचा दीर्घकाळ लाभ झाल्याचे दिसले. हे आम्ही लपवत नाही. जे चालत नाही त्याविरुद्ध लिहिण्याची गरजच नसते; जे उत्तम चालते ते कशासाठी चालते, हा आमचा प्रश्न आहे.

त्या मूळ निबंधात एक प्रसंग नोंदवलेला आहे. एका संघातील दोन मुले सतत खुणा ओढवून घेत होती. त्यांतल्या एकाने स्पष्ट जाहीर केले की आपण यापुढे हा खेळ खेळणार नाही. तेव्हा, एकामुळे सगळ्या संघाला शिक्षा होणे न्याय्य नाही असे शिक्षिकेला आणि मुलांनाही वाटले, आणि त्या दोघांना संघातून काढून त्यांचा वेगळा संघ केला गेला. निबंधात हा मजकूर थोडक्यात येतो. आम्हांला मात्र तो त्या निबंधातील सर्वांत बोलका मजकूर वाटतो. गटाची एकी वाढवणारी म्हणून जी पद्धत सांगितली जाते, तिने पहिल्याच प्रयोगात दोघांना गटाबाहेर काढले होते. आणि वाचनाच्या तासाला बोलणे हा ज्या खेळात दोष मानला गेला, तो आपण भाषेच्या तासाला आणून बसवला आहे.

गटबक्षिसाची बाजू घेणारे सांगतात की व्यक्तिगत चढाओढीपेक्षा हे बरे, यातून सहकार्य शिकता येते. युरी ब्रॉनफेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने 1970 साली अमेरिकन आणि सोव्हिएत बालपणाची तुलना करणारे पुस्तक लिहिले. त्यात सोव्हिएत वर्गाचे जे वर्णन आहे ते या मंडळींनी वाचावे. तेथेही शिक्षिका एकेका मुलाला ताठ बस म्हणत नाही. कोणती रांग सर्वांत ताठ बसते ते पाहू, असे म्हणते. मग रांगेतील मुलेच एकमेकांवर नजर ठेवू लागतात. एक देश भांडवलशाहीचा, दुसरा साम्यवादाचा. वर्गात गप्प बसवण्याची युक्ती दोघांना एकच सापडली. सहकार्य म्हणजे दोघांनी मिळून एक काम करणे. येथे काम होत नाही, फक्त एकमेकांच्या चुकीची जबाबदारी वाटली जाते. तिला सामूहिक जामीन हे नाव अधिक शोभते.

आपल्यापैकी बहुतेकांनी याचे देशी रूप अनुभवलेले आहे. बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहीत असे. त्यात मॉनिटरचे मित्र नसत, हे सांगायला नको. ती पद्धत उघड होती, तिचा राग येई आणि नाव पुसून टाकण्याची सोयही होती. आताच्या तक्त्याने तेच काम झाडाआड केले आहे. 

येथे आम्हांला आमचा विषय काढू द्या. रूपक शिकवताना आपण मुलांना विचारतो: उपमेय कोणते, उपमान कोणते, दोहोंतला साधारण धर्म कोणता? भिंतीवरच्या झाडाला हाच प्रश्न विचारावा. गप्प बसणे आणि पान फुटणे यांत साधारण धर्म कोणता? कोणताही नाही. झाड गप्प असते म्हणावे, तर सोसाट्याच्या वाऱ्यात पिंपळाखाली उभे राहून पाहावे. पान गळणे ही झाडाची शिक्षा नव्हे, ऋतूचा धर्म आहे. तक्त्यावर मात्र पानगळ म्हणजे अपराध. मधाच्या पोळ्याची तर गंमतच आहे. ज्याच्या गुणगुणण्यासाठी भाषेत वेगळा शब्द लागतो ते पोळे शांततेचे चिन्ह म्हणून लावलेले असते. आगगाडीत शेवटचा डबाही इंजिनाबरोबरच पोहोचतो, तक्त्यावरचा मागे पडतो. हे रूपक अनुभवातून आलेले नाही, हिशेबावर चिकटवलेले आहे. हिशेब नुसता दिसला तर तो सावकाराच्या वहीसारखा दिसेल, म्हणून त्याला पाने-फुले लावायची. काही शाळांतून काचेच्या बरणीत मणी टाकतात. आम्हांला ती बरणी या झाडांपेक्षा बरी वाटते. ती निदान मोजणीला मोजणीच म्हणते.

शब्दांचेही असेच. शाबासकी हा शब्द फारशीतून आला. ‘आनंदी राहा’ असा त्याचा मुळातला अर्थ. शाबासकी कोणीतरी कोणाला तरी कशासाठी तरी देते. तिच्यात आवाज असतो, पाठीवरची थाप असते आणि मुख्य म्हणजे ‘हे तू केलेस’ असे विशिष्ट विधान असते. निबंधातले एखादे वाक्य वाचून शिक्षक थांबतो आणि हे तुला कसे सुचले रे, असे विचारतो, तेव्हा तो पान चिकटवत नसतो. प्रबलनात विशिष्ट काही नाही. कोणीही काहीही न केले की ते मिळते.

आमच्याकडून एम.ए. होऊन पुढे शिक्षिका झालेल्या एका विद्यार्थिनीच्या वर्गात आम्ही एकदा बसलो होतो. सातवीचा वर्ग, पावसावरची कविता. बाई उत्तम शिकवत होत्या, आवाज चांगला, उच्चार स्वच्छ. भिंतीवर वड, पिंपळ, आंबा आणि कडुनिंब. कवितेतील रिमझिम सरींचे सौंदर्य सांगून होते न होते तोच मागच्या बाकावरून एक मुलगा हात वर न करता मोठ्याने म्हणाला, “बाई, झड लागली का आमच्याकडं भिंत पडती.” वर्ग हसला. बाईंनी बोलणे न थांबवता भिंतीकडे जाऊन कडुनिंबाचे एक पान काढले. शेजारच्या मुलाने त्याला कोपर मारले. तो मुलगा त्या तासाला पुन्हा बोलला नाही.

त्या तासातले साहित्यविषयक सर्वांत मोलाचे विधान त्याने केले होते. कवीच्या रिमझिमीसमोर त्याने ‘झड’ हा शब्द ठेवला होता आणि पाऊस कोणाच्या घरावर पडतो हा प्रश्न कवितेला विचारला होता. आपण एम.ए.च्या वर्गात ज्याला वाचकाचा प्रतिसाद, बोलीचे सामर्थ्य, जाणिवेचा भेद अशी नावे देऊन वर्षभर शिकवतो, ते सातवीत आपसूक घडले आणि त्याची किंमत एक पान ठरली. बाईंचा दोष नाही. तक्ता एकदा लागला की त्याच्याशी प्रामाणिक राहावे लागते. या बोलण्याला पान काढायचे आणि त्या बोलण्याला नाही असे केले तर दुसरे गट तक्रार करतात. चुकीचे बोलणे आणि मोलाचे बोलणे यांतला फरक ओळखणे हेच भाषाशिक्षकाचे काम. तक्ता नेमके तेच काम त्याच्या हातून काढून घेतो.

गट हा शब्द आपल्या समाजात निरागस नाही, याचाही विचार या आयात पद्धतीत कोठे दिसत नाही. एकाच्या दोषासाठी सगळ्या समूहाला जबाबदार धरण्याची सवय आपल्याला जुनी आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण पारधी वस्तीकडे पाहण्याची नजर गेली असे कोणी म्हणू शकेल काय? कार्डशीटच्या झाडाशी ही तुलना अवजड आहे, हे आम्हांला कळते. तथापि ज्या वर्गात कोणाचे आडनाव काय आणि कोणाचे घर कोणत्या वस्तीत हे मुलांना ठाऊक असते, त्या वर्गात ‘तुझ्यामुळे आमचे पान गेले’ या वाक्यातला ‘तू’ फार काळ एकटा राहत नाही. त्याच्यामागे लवकरच ‘तुम्ही लोक’ येऊन उभे राहतात.

हजेरीच्या पानाचा विचार करा. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्गात त्यांचे नाव असते आणि मूल उसाच्या फडात. ज्या गटात असे मूल असेल त्याचे झाड निष्पर्ण राहणार. गुरुजी समजूतदार असतील तर ते नाव हिशेबातून वगळतील. म्हणजे कॅन्ससच्या त्या दोघांप्रमाणे तेही गटाबाहेरच गेले. धाकटे भावंड सांभाळून उशिरा येणारी मुलगी, घरी मराठीखेरीज दुसरीच भाषा बोलणारा मुलगा, एका जागी बसणे ज्याच्या प्रकृतीलाच जमत नाही तो, या सर्वांची पाने झाडावर येण्याआधीच गळलेली असतात.

भाषेच्या अभ्यासकांना तर या पद्धतीचे आणखी एका कारणाने हसू यायला हवे. स्किनरने 1957 साली भाषासुद्धा प्रबलनातून घडते असे सांगणारा ग्रंथ लिहिला आणि 1959 साली चॉम्स्कीने त्याचे जे परीक्षण केले ते आपण भाषाविज्ञानाच्या पेपरसाठी शिकवतो. मूल कधीच न ऐकलेली वाक्ये बोलते, ज्यांना कोणी कधी बक्षीस दिलेले नसते अशी वाक्ये बोलते, हे आपण फळ्यावर लिहून देतो. आणि त्याच मुलाची भाषा फुलावी म्हणून त्याच्या वर्गात पानांचा हिशेब लावतो! (स्किनरची पदवी इंग्रजी साहित्याची होती आणि त्याला लेखक व्हायचे होते. साहित्याने सोडून दिलेली माणसे कोठे पोहोचतील ते सांगता येत नाही.)

बक्षिसाने आवड मरते, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 साली बालवाडीतील, चित्रे काढण्याची आवड असणारी मुले निवडली. काहींना चित्राबद्दल सोनेरी तारा आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले. ते मिळाले, आणि पुढे मोकळ्या वेळात तीच मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळाले त्यांच्यात असे झाले नाही. या प्रयोगावर पुढे बराच वाद झाला, प्रत्येक बक्षीस घातकच असे त्यावरून म्हणता येत नाही. पण आम्हांला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षी कादंबरी शिकवायला उभे राहिले की तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो: सर, हे किती मार्कांना? असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वाईट नसतो. कशाचे किती मिळते हे विचारल्यावाचून कशाला हात लावू नये, असे त्याला बारा वर्षे सप्रेम शिकवलेले असते.

यावर कोणी म्हणेल, महाविद्यालयात बसून शहाणपण सांगणे सोपे आहे. खरे आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली, ते उत्तमच झाले. छडी गेली, पण छडीच्या जोरावर सांभाळली जाणारी गर्दी वर्गात तशीच राहिली. त्याच कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण लिहिलेले आहे. जेथे ते नाही, जेथे एकच शिक्षिका दोन इयत्ता एकत्र सांभाळते, पोषण आहाराच्या नोंदी ठेवते, निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे करते, तेथे तिने भिंतीवर झाड लावून चार घटका शांतता मिळवली तर आम्ही तिला कोणत्या तोंडाने दोष देणार? आमचे म्हणणे एवढेच, की त्या शांततेला शिक्षण म्हणू नये. ती अपुऱ्या व्यवस्थेची डागडुजी आहे, आणि प्रशिक्षणवर्गांतून तिला बालकेंद्री अध्यापनाचे नाव देऊन डागडुजीचीच वास्तू केली जात आहे.

शिवाय तक्ता केवळ मुलांच्या भिंतीवर नाही. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आम्हां प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाचा तक्ता आणला, तेव्हा कोणत्या चर्चासत्राला किती गुण हे पाहून निबंध लिहिणारी माणसे आम्ही पाहिली. त्या निबंधांचे ग्रंथ आमच्या कपाटांत आहेत आणि ते कोणी उघडत नाही. महाविद्यालयांना मूल्यांकनाच्या श्रेणी आहेत. शाळांसाठी ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ सारख्या गुणांच्या स्पर्धा झाल्या. वर्गातले झाड हे या मोठ्या अरण्यातले सर्वांत लहान झाड आहे. म्हणूनच बहुधा ते कोणाला खटकत नाही.

आपल्याजवळ दुसरा वारसा नाही असेही नाही. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या बालगृहातील एक प्रसंग सांगितला आहे. चांगल्या मुलासाठी एक रुपेरी पदक होते. ज्याला ते मिळाले त्याला कामाच्या नादात त्याची पर्वा नव्हती आणि ते गेले शिक्षा म्हणून नुसत्या बसवून ठेवलेल्या मुलाकडे. ज्याला काम नव्हते त्यालाच पदक हवे होते. गिजुभाई बधेकांनी शिक्षा आणि बक्षीस या दोहोंना सारखाच विरोध केला. त्यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक, आणि त्यांच्यासह अनुताई वाघ, पुढे बोर्डी आणि कोसबाडला गेल्या. तेथील आदिवासी मुलांना बालवाडीत आणण्यासाठी त्या बालवाडीच अंगणात घेऊन गेल्या. ही नावे डी.एड., बी.एड.च्या परीक्षांत टिपांपुरती येतात. पाच गुणांना.

भिंत मोकळी ठेवा असे आमचे म्हणणे नाही. मराठी विभागांत भित्तिपत्रकाची जुनी चाल आहे. कार्डशीट तेच, टाचण्या त्याच, भिंतही तीच. आमच्या पिढीतील कित्येकांचे पहिले लिखाण कोणत्याही नियतकालिकात नव्हे, जिन्याजवळच्या अशाच फलकावर लागले होते. शाळेत ते पाचवीपासून करता येते. मुलांनी आणलेले शब्द लावावेत: झड, भुरभुर, वळीव, आणि प्रत्येकाखाली तो कोणाच्या घरून आला ते. पाहिलेली गोष्ट, आजीने सांगितलेली गोष्ट, धड्यावरचा आक्षेप, कवितेशी भांडण लावावे. ऊसतोडीला गेलेल्या मुलाने परत आल्यावर सांगितलेले फडातले शब्द लावावेत. कोयता, मोळी, टोळी, उचल यांचे अर्थ वर्गात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात. चांगल्यावर तारा लावू नये आणि वाईटावर काट मारू नये. शुद्धलेखनाच्या चुका बाईंनी नंतर, त्या मुलाजवळ बसून दाखवाव्यात. वर्गात आवाज होईल. पलीकडच्या वर्गातील शिक्षक तक्रार करतील, आणि भेटीला आलेले अधिकारी विचारतील की शिस्तीचा तक्ता कोठे आहे. तेव्हा त्यांना मुलांनी लिहिलेले वाचायला सांगावे. वाचण्यात दहा मिनिटे सहज जातात.